शिवराईच्या फोटोसाठी कॅमेरा आणि लाइट, सहासात महिने वापरून

सोलापुरात बसून जुनी नाणी जमवतो, जास्त करून शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी. फोटोकडून अपेक्षा एकच, 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्रपति' कितीही झिजलेलं असलं तरी वाचता आलं पाहिजे.

कॅमेरा सेकंडहँड कॅनन १५००डी, सोबतची १८-५५ किट लेन्सच वापरतो. जो तो म्हणतो ५० एमएमची १.८ लेन्स घे, पण ती ३५ सेंमीच्या आत फोकस करत नाही, किट लेन्स २५ पर्यंत जाते आणि झूम ५५ वर ठेवून एकदम जवळ गेलं की साडेसहा सेंमी रुंदीत फ्रेम भरते. दोन सेंमीची शिवराई त्यात १८०० पिक्सेलच्या आसपास येते, मोबाइलवर बघणाऱ्याला अजून काय पाहिजे? स्क्रीन फिरत नाही, म्हणून वरून काढताना वायफायनं मोबाइल जोडतो आणि त्यावरच बघतो.

पैसे लाइटवर घाला. पांढरा लाइट बॉक्स दागिन्यांना भारी, नाण्याला अजिबात नको, कारण चारी बाजूंनी सारखा उजेड पडला की उठावाची सावलीच राहत नाही आणि झिजलेलं अक्षर दिसतं ते त्या सावलीवरच. मी एकच एलईडी पॅनल एका बाजूनं, टेबलापासून थोडंसंच वर ठेवतो आणि समोर पांढरा कार्डशीट उभा करतो, मग नाणं हळूहळू फिरवत राहायचं, एका ठिकाणी आल्यावर अक्षर असं उठून येतं की बघतच राहावं! पॅनल घेताना सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर बघाच, साध्या एलईडी बल्बखाली तांब्याचा लाल मरतो, शिवाय काही बल्ब फ्लिकर करतात आणि फास्ट शटरला फोटोत पट्टे येतात.

सेटिंग आयएसओ १००, ॲपर्चर ८ ते ११, दोन सेकंदांचा टायमर. शटर स्लो असतं म्हणून पंखा बंद, नाहीतर टेबल हलतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, त्यामुळं उन्हाळ्यात पहाटेच उरकतो. आणि फोटो चांगला यावा म्हणून नाणं चिंच लावून घासू नका हो, तांब्यावरचा जुना थर गेला की परत येत नाही.

चांदीच्या नाण्याला हाच लाइट फार चमकतो, तिथं पॅनलसमोर ट्रेसिंग पेपर धरतो, तेवढ्यानं भागतं.