‘निव्वळ तंतू’ म्हणून गळ्यात मारलेली सोनामुखी

बद्धकोष्ठावर घेतलेल्या पाकिटावर छापलं होतं: ‘निव्वळ वनस्पतिजन्य तंतू, सवय लागत नाही’. ९० पुड्या, रोज रात्री एक, पैसे आगाऊ. त्यातल्या ४१ पोटात गेल्यावर कळलं की आत सोनामुखी आहे, म्हणजे जुलाब आणणारं पान. सोनामुखी म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर जास्त लाज वाटते.

पहिल्याच रात्री पकडायला हवं होतं. दहाला पुडी, सकाळी सहाला मुरडा आणि पातळ शौच. आठ तासांत! तंतू असं करत नाही. इसबगोल पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ करतो. त्याला १२ ते २४ तास लागतात, पुरता गुण यायला दोन-तीन दिवस. आठ तासांत मुरडा आणते ती सोनामुखी. तिच्यातली सेनोसाइड्स मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, त्यातून जे निघतं त्याने आतडं जोरात आकसतं आणि पाणी आत सुटतं. लघवी तांबूस झाली, ही दुसरी खूण. तीही ‘पाणी कमी पडलं असेल’ म्हणून सोडून दिली. चार दिवस पोट तटलेला माणूस सकाळी मोकळा झाला की उलटतपासणी घेत बसत नाही. माझ्याकडे सबब आहे ती एवढीच.

घटकांच्या यादीत मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कॅसिया अँगुस्टिफोलिया’ होतं. सेन्ना म्हणा, कॅसिया म्हणा, पान सोनामुखीचंच. मिलिग्रॅमचा आकडा कुठेही नव्हता. आकडा नसेल तर पाकीट खाली ठेवा.

सोनामुखी वाईट नाही, लपवून रोज देणं वाईट. मोठ्या माणसाला रात्री १५ ते ३० मिलिग्रॅम सेनोसाइड्स, बहुधा आठवड्यात दोन-तीनदाच पुरतात, आठवड्यापलीकडे नाही. आतडं एकदा रिकामं झालं की पुढचा एखाद-दुसरा दिवस शौच न होणं साहजिकच. पाकीट नेमकं तिथेच दरडावतं: ‘एकही दिवस खंड नको’. जुलाब लांबले की पोटॅशियम जातं, पोटॅशियम घटलं की आतडं सुस्तावतं, मग पुढचं पाकीट आपोआप खपतं! डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हृदयाच्या ठोक्यांशी खेळ आहे.

तक्रार? विक्रेता म्हणाला, फोडलेलं पाकीट परत घेत नाही. औषधांच्या कार्यालयाने सांगितलं, हे औषध नाही, पूरक आहार आहे. आहाराच्या कार्यालयाने सांगितलं, रेचक म्हणजे औषध, तिकडे जा. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर विचारलं, ‘पण गुण आला ना?’ आला हो, तीच तर फसवणूक! करायचंच म्हटलं तर करता येतं: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडीचा चीक आणि कॅस्कारा ही रेचक साल विनाचिठ्ठी रेचकांतून काढून टाकले. (चीक म्हणजे सालीखालचा पिवळा कडू रस, आतला गर नव्हे.)

इसबगोल घ्यायचा तर ५ ग्रॅमला निदान १५० मिलिलिटर पाणी, ढवळून लगेच, आणि निजायच्या तोंडावर नको. पाणी कमी पडलं तर घशात किंवा आतड्यात गोळा अडकतो. इतर गोळ्यांत तासाभराचं अंतर ठेवा. गरोदरपणात आणि १२ वर्षांखाली सोनामुखी स्वतःच्या मनाने नको. पोट दुखतंय, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही किंवा शौचात रक्त आहे, तर कुठलंच रेचक नाही, थेट डॉक्टर.

उरलेल्या ४९ पुड्या पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितल्या आहेत. कोणाला दाखवायच्या, ते सांगितलेलं नाही.