फिल्टर की ब्रॅकेटिंग: पहाटेच्या आभाळासाठी काय निवडावे

निसर्गछायाचित्रणात थोडी वाटचाल केलेल्या प्रत्येकासमोर हा प्रश्न उभा राहतोच. सूर्योदयाच्या सुमारास आभाळ आणि जमीन यांच्या उजेडात सहज तीन-चार स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तफावत असते. ती लेन्ससमोर ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद आणि खाली पारदर्शक होत जाणारी काच) लावून जागच्या जागी मिटवावी, की एकाच दृश्याच्या कमी-अधिक एक्स्पोजरच्या तीन फ्रेम घेऊन, म्हणजेच ब्रॅकेटिंग करून, त्या घरी संगणकावर जोडाव्यात? इंदुरात रामबागेतल्या आमच्या छायाचित्रकार मित्रांत या बाबतीत उघड दोन पक्ष आहेत. सिरपूर तलाव, यशवंत सागर, जानापावचा डोंगर आणि पाताळपाणी या परिसरात मी दोन्ही पद्धती भरपूर वापरल्या आहेत, आणि पुढील मते त्या वापरातूनच बनलेली आहेत.

अडचण मात्र छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. त्या काळी निगेटिव्हसाठी वापरल्या जाणाऱ्या ओल्या कोलोडियनच्या (एका रासायनिक लेपाच्या) काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, त्यामुळे जमिनीचा तपशील नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरेफटक होऊन जाई. फ्रान्समधील गुस्ताव्ह ले ग्रे याने 1850च्या दशकात काही सागरचित्रांसाठी आभाळाची आणि समुद्राची निगेटिव्ह वेगवेगळी घेऊन एकाच कागदावर छापली. आजच्या ब्रॅकेटिंगची ती थेट पूर्वज म्हणावी लागेल. लाला दीनदयाळ 1866 पासून आमच्या इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि 1870च्या दशकात येथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळातील वास्तुचित्रांत आभाळ बहुधा कोरे दिसते, त्याचे कारणही हेच.

ब्रॅकेटिंगची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. तिला वेगळा खर्च नाही, पिशवीत काचा सांभाळाव्या लागत नाहीत, आणि क्षितिज कितीही वेडेवाकडे असले तरी तिचे काही अडत नाही. मांडूला रूपमती मंडपाच्या छत्र्या आभाळात घुसलेल्या असतात. तेथे फिल्टर लावला की छत्र्यांचे घुमट आभाळाबरोबर काळवंडतात आणि खालच्या भिंती मात्र उजळ राहतात. दगडी वास्तू हालत नसल्यामुळे तीन फ्रेम एकमेकींवर अचूक बसतात. अशा ठिकाणी माझ्या मते वादाला जागा नाही.

अडचण येते ती हालणाऱ्या गोष्टींची, आणि निसर्गात न हालणारे असे थोडेच असते. यशवंत सागराच्या बाजूला हिवाळ्याच्या अखेरीस गहू ओंब्यांवर आलेला असतो. कॅमेरा खाली बसवून ओंब्या पुढे आणि तांबूस आभाळ मागे, अशी चौकट मला फार आवडते. मधली फ्रेम अर्ध्या सेकंदाची धरली तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने उरलेल्या दोन फ्रेम 2 सेकंदांच्या आणि एक अष्टमांश सेकंदाच्या होतात. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की प्रत्येक फ्रेममध्ये ओंबी वेगळ्या जागी असते. सॉफ्टवेअर आभाळ एका फ्रेममधून घेते, जमीन दुसरीतून, आणि ओंबी जेथे आभाळाला छेदते तेथे दोन वेगवेगळे क्षण एकमेकांना भिडतात. छोट्या पडद्यावर हे दिसत नाही. चित्र मोठे करून पाहिले की प्रत्येक कुसळाभोवती एक करडी झालर दिसते, काही कुसळे दुहेरी होतात, तर काही मध्येच तुटतात. घोस्टिंग (हालल्यामुळे उमटणाऱ्या दुहेरी प्रतिमा) घालवण्याची सोय वापरली तर सॉफ्टवेअर तेवढ्या भागासाठी एकच फ्रेम उचलते, आणि मग त्या भागात चित्राचे दाणे (नॉइज) वाढतात किंवा शेजारच्या भागाशी उजेडाचा मेळ बसत नाही. ती झालर हाताने पुसण्यात संध्याकाळ जाते आणि तरीही छापलेल्या चित्रात नजर नेमकी तेथेच अडखळते. माझा कौल फिल्टरकडे झुकला तो प्रामुख्याने या एका त्रासामुळे. सिरपूरला पाण्यावर सरकणाऱ्या चांदवा पक्ष्यांचीही हीच गत होते.

फिल्टरमध्येही ओंब्यांचे शेंडे थोडे गडद होतात आणि लांब एक्स्पोजरमध्ये त्या हालल्याच्या खुणाही राहतात. परंतु ते सारे एकाच क्षणाचे असते, त्याला कोठे सांधा नसतो, आणि डोळ्याला ते सहज पटते.

फिल्टरचे दोष मी लपवणार नाही. पाताळपाण्याला पावसाळ्यात तुषार उडतात, आणि सपाट काचेवर बसलेला एकेक थेंब सूर्यासमोर मोठ्या डागासारखा चमकतो. तेथे कापड हातातून सोडता येत नाही. स्वस्त रेझिनचे फिल्टर एकावर एक लावले तर चित्रात जांभळट छटा येऊ शकते. लांब फोकल लेंग्थवर सॉफ्ट एजची (गडद भाग हळूहळू फिका होत जाणाऱ्या फिल्टरची) उतरण इतकी पसरते की फिल्टर लावल्याचे फारसे जाणवत नाही. उलट अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) जितके लहान, तितकी गडद-उजळ सीमा स्पष्ट होते. म्हणून फिल्टर खालीवर सरकवताना प्रिव्ह्यूचे बटण दाबून प्रत्यक्ष वापरायच्या अ‍ॅपर्चरवरच ती सीमा पाहावी.

आणखी एक गोष्ट चौकटीच्या रचनेशी निगडित आहे. पाण्यातले आभाळाचे प्रतिबिंब मूळ आभाळापेक्षा नेहमी गडद असते. जोरकस फिल्टरने आभाळ प्रतिबिंबाहून काळे केले तर पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी चित्र खोटे वाटते. त्यामुळे यशवंत सागर किंवा सिरपूर (2022 मध्ये हे दोन्ही तलाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले) येथे तीन स्टॉपपेक्षा दोन स्टॉपचा फिल्टर मला अधिक सुरक्षित वाटतो.

फिल्टर लावल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते ते जवळजवळ अंतिम चित्र असते, याचा फायदा मला बदलत्या उजेडात सर्वाधिक जाणवतो. ढगाची कड अचानक पेटली तर क्षितिज खाली घेऊन आभाळाला दोन तृतीयांश जागा द्यावी, आणि रंग उतरला की पुन्हा जमिनीकडे वळावे, हा निर्णय तेथेच उभे राहून घेता येतो. ब्रॅकेटिंगच्या तीन फ्रेमपैकी एकीतही पूर्ण चित्र नसते, त्यामुळे आभाळ आणि जमीन यांचे वजन अंदाजानेच ठरवावे लागते, आणि तो अंदाज खरा होता की नाही हे घरी कळते, तोवर उजेड निघून गेलेला असतो.

आजचे सेन्सर पाहता एकाच रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) सावल्या उजळता येतात, तेव्हा दोन्हींची गरज काय, असे कोणी विचारील. तफावत दोन स्टॉपच्या आत असेल तर ते योग्यच आहे. सूर्य समोर असताना मात्र उजळलेल्या सावल्यांत दाणे दिसू लागतात.

आपला कल किल्ले, वाडे आणि डोंगरमाथ्यांकडे असेल, तर पैसे राखून ठेवून ब्रॅकेटिंगवरच हात बसवणे कदाचित शहाणपणाचे ठरेल. शेते, गवत, तलाव आणि पक्षी यांच्याकडे असेल, तर पूर्ण संच घेण्याची घाई न करता 100 मिलिमीटर रुंदीचा दोन स्टॉपचा एकच सॉफ्ट फिल्टर आणि चांगला होल्डर घ्यावा. हार्ड एजचा (गडद भाग एकदम संपणारा) फिल्टर सपाट क्षितिजाखेरीज क्वचितच उपयोगी पडतो. माळव्यात झाडाविना क्षितिज फार ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे तो नंतर घेतला तरी चालेल.