मालवणच्या 'आयलंड हॉपिंग'च्या नावाखाली आमचे 23,700 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

रकमा आधीच लिहिते, म्हणजे "थोडेफार गेले असतील" असं कुणाला वाटायला नको. ॲडव्हान्स 6,600. परमिट 1,500. स्नॉर्केलिंगच्या सामानाचं डिपॉझिट 4,500. उरलेले 6,600. आणि वर पुन्हा 4,500. एकूण 23,700 रुपये. डिसेंबरच्या सुट्टीत सासूबाई, नणंद, दोन मुलं आणि आम्ही दोघं असे सहा जण सकाळी सातला मालवणच्या जेट्टीवर उभे होतो, आणि आमच्या नावाची होडीच नव्हती.

जाहिरात मोबाईलवर आली होती. तीन तासांत चार बेटं: सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डनजवळ स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्याखालचं बघणं), निवतीसमोरचे वेंगुर्ला रॉक्स, शेवटी देवबागचं त्सुनामी आयलंड. वाटेत डॉल्फिन हमखास. माणशी 2,200. पुढे व्हॉट्सॲपवर काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गोड आवाज, "मॅडम, आठच सीट उरल्यात", पाठोपाठ क्यूआर कोड.

तो कोड स्कॅन केला तेव्हा नाव आलं एका मोबाईल दुकानाचं. होडीचं नाही, टूरवाल्याचं नाही, मोबाईलच्या दुकानाचं. माझा अंगठा थांबला होता. मी फोन करून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "भावाचं खातं आहे मॅडम, सीझनला आमच्या खात्याची लिमिट संपते." आणि मी पिन टाकला. आजही रात्री जाग आली की तो स्क्रीन डोळ्यांसमोर येतो. पण मला सांगा, कोकणात आपण कितीदा घरगुती राहण्याचे पैसे मालकाच्या सुनेच्या नाहीतर पुतण्याच्या खात्यावर भरतो? प्रत्येक वेळी खोली मिळालेली असते, जेवण मिळालेलं असतं. संशय घ्यायचा तरी कशावरून?

त्या माणसाचं प्रत्येक खोटं एखाद्या खऱ्या गोष्टीला बांधलेलं होतं, म्हणून ते गळी उतरलं. परमिटचंच घ्या. "सागरी अभयारण्य आहे मॅडम, वनविभागाचं परमिट लागतं, माणशी 250." अभयारण्य खरंच आहे. 1987 साली जाहीर झालेलं, 29.12 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र त्यात येतो. हे मी स्वतः शोधून वाचलं आणि उलट माझा विश्वास वाढला. सही-शिक्क्याची पीडीएफ आली, तीवर आमची सहाही नावं बरोबर लिहिलेली. डिपॉझिटचंही तसंच. मास्क आणि नळ्या लोक हरवतात, फोडतात, हे पटण्यासारखंच होतं.

पटण्यासारखं नव्हतं ते वेळापत्रक. मालवणहून निघून किल्ला बघायचा, पाण्यात उतरायचं, मग पार खोल समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्सपर्यंत जायचं, तिथले पाकोळी पक्षी बघायचे आणि देवबागला परत यायचं, हे तीन तासांत होऊच शकत नाही. नकाशा उघडला असता तर कळलं असतं. शिवाय मी विचारलं होतं, "त्सुनामी आयलंडवर दुपारी उतरता येईल ना?" तो म्हणाला, "कधीही." कर्ली नदीच्या मुखाजवळचा तो वाळूचा पट्टा. भरतीला तिथे किती पाणी चढेल हे बघितल्याशिवाय खरा होडीवाला वेळ देत नाही. ज्याच्या तोंडी भरती-ओहोटीचा शब्दही येत नाही, त्याला एक रुपया देऊ नका. आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला हे कोण सांगणार होतं?

आणि ते फोटो! काचेसारखं निळं पाणी, पांढरी वाळू, कासव. मालवणला प्रवाळ आहे, रंगीत मासेही दिसतात, पण पाणी हिरवट असतं, खाड्यांचा गाळ येतो, हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशीसुद्धा ते लक्षद्वीपसारखं दिसत नाही. डॉल्फिन तिथे आहेत, ते दिसतातही, पण त्यांची हमी कुणी देत नाही. हमी देणारा माणूस समुद्रावर जाणारा नसतो.

जेट्टीवरून फोन लावला तर म्हणाला, "टोकन निघायला उरलेले 6,600 आधी भरावे लागतील." थंडीत कुडकुडणारी मुलं डॉल्फिन-डॉल्फिन करत होती, सासूबाई दगडावर बसून होत्या. भरले. दहा मिनिटांनी नवा निरोप: होडी बिघडली, डिपॉझिट तरी लगेच परत करतो, हा कोड स्कॅन करा. ह्यांनी स्कॅन केला, पिन टाकला, आणि आणखी 4,500 गेले. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. कधीच नाही. घरातल्या प्रत्येकाला हे आजच सांगा.

तिथल्या एका वयस्क होडीवाल्या काकांना नंबर दाखवला. ते म्हणाले, "वयनी, ह्यो नंबर आमच्यातल्या कोणाचोच नाय. सकाळपासून तुमी तिसरे." त्यांनी आम्हाला रीतसर तिकिटावर किल्ल्यात नेलं आणि वेळेत परत आणलं. मालवणच्या लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांच्याच नावावर कुणीतरी दुसराच लुटतोय.

तक्रार आहे ती खुर्चीतल्या लोकांबद्दल. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर नोंद झाली, तक्रार क्रमांक मिळाला. लेखी तक्रार द्यायला मालवणच्या पोलीस ठाण्यात गेलो तर "पैसे जिथल्या खात्यातून गेले तिथे जा". गावी परतून तिथल्या ठाण्यात गेलो तर "प्रकार मालवणात घडलाय, तिकडे जा". 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची. मी ते कलम मोबाईलवर काढून दाखवलं. समोरच्या साहेबांनी पाहिलंसुद्धा नाही. "एवढ्याशा रकमेसाठी कशाला त्रास घेता ताई?" असं विचारलं. एवढीशी? माझ्या नणंदेचा महिन्याचा पगार आहे तो! रोज वीस कुटुंबं अशी "एवढीशी" लुटली जात असतील तर त्याचा हिशेब कुणी ठेवायचा? बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलाय" एवढंच उत्तर. ज्या खात्यात पैसे गेले ते बँकेनंच कागदपत्रं बघून उघडलं असेल ना? मग त्या दुकानदाराला शोधणं इतकं अवघड आहे? जाहिरात दाखवणाऱ्या ॲपला कळवलं तर "आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही".

पैसे गेल्यावर पहिल्या तासात 1930 लावा, पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. आम्ही किल्ला बघून आल्यावर फोन केला. पावत्यांचे व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, चॅट पुसू नका. पाण्याची सैर जेट्टीवर पोचल्यावर होडी, तिचा नोंदणी क्रमांक आणि लाइफ जॅकेट डोळ्यांनी बघूनच ठरवा. गर्दीत जागा नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी जा. 26 मे ते 31 ऑगस्ट हे सगळं बंद असतं, त्या काळातलं बुकिंग कुणी देत असेल तर तो चोरच.

जाहिरातीचं ते पेज आता नाव बदलून पुन्हा सुरू झालंय. कासवाचा फोटो तोच आहे, भाव माणशी 1,999 केलाय. मी खाली लिहिलेला इशारा पुसून टाकला गेला. नणंदेच्या फोनवरून पुन्हा लिहिलाय, तोही पुसतील. तुम्हाला ती जाहिरात दिसली तर तुम्हीही लिहा, आणि स्क्रीनशॉट काढून सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर (cybercrime.gov.in) टाका.