पेट्रातील ‘राजाराणीचे’ नाणे

जॉर्डनमधील पेट्रा या खडकात कोरलेल्या जुन्या नगरीत एका वृद्ध विक्रेत्याने मला प्राचीन म्हणून २५ दिनारांना विकलेले नाणे बनावट निघाले. तिकडे जाण्याच्या तयारीत असलेल्यांनी सावध राहावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सीक नावाच्या सव्वा किलोमीटरच्या अरुंद घळीतून बाहेर पडताच समोर दिसणाऱ्या, कड्यात कोरलेल्या ‘खजिना’ नावाच्या वास्तूच्या भव्य दर्शनी भागाने मन आधीच हरखून गेले होते. पुढे ‘मठ’ नावाच्या वास्तूकडे नेणाऱ्या आठशेच्या आसपास पायऱ्या चढताना दमून सावलीत टेकले, तेव्हा त्या गृहस्थांनी गोड चहा पुढे केला आणि पैसे देऊ लागताच छातीवर हात ठेवून नकार दिला. बराच वेळ नाण्याचा विषयही निघाला नाही. हिवाळ्यात अचानक पाऊस कोसळून घळीत लोंढे येतात आणि ते वळवण्यासाठी पेट्रा वसवणाऱ्या प्राचीन नबाती लोकांनी सीकच्या तोंडाशी बांध घालून बोगदा खोदला, असे त्यांनी सांगितले. ते सारे खरेच आहे. त्याच ओघात, पावसानंतर नातवाला वाळूत हे सापडले, असे म्हणत त्यांनी रुमालाची गाठ सोडली.

नाण्यावर राजा-राणीचे एकमेकांना लागून असलेले चेहरे आणि मागे एकमेकांवर तिरकी ठेवलेली, फळांनी भरलेली दोन शिंगे होती. नबाती राजा चौथा अरेटास व राणी शकीलत यांची नाणी अशी असतात, हे मी वाचलेले होते, त्यामुळे मीच ती नावे उच्चारली. फसवणुकीचे मर्म येथेच आहे. त्यांनी एकही नाव घेतले नाही, ते माझ्याकडून वदवून घेतले.

रात्री पेट्राजवळच्या वादी मुसा या गावातील हॉटेलात एका सहप्रवासी बाईंनी त्याच वाटेवर दुसऱ्या कोणाकडून घेतलेले नाणे दाखवले. राणीच्या कानाजवळचा टवका आणि कडेची खाच दोन्ही नाण्यांवर नेमकी एकाच जागी होती. ठशाने ठोकून पाडलेल्या दोन जुन्या नाण्यांची झीज अशी जुळत नसते. ही एकाच साच्यातून ओतलेली होती. भिंगाखाली कडेने फिरणारी जोडाची रेषा आणि बुडबुड्यांची बारीक छिद्रेही दिसली.

पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. जॉर्डनच्या १९८८ च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तूंचा व्यापार निषिद्ध आहे. नाणे अस्सल असते तर मी गुन्ह्यात सहभागी झाले असते, आणि ते कोणत्या जागी, कोणत्या थरात होते ही माहिती माझ्या हौसेपायी कायमची नाहीशी झाली असती. प्रतिकृती म्हणून विकली जाणारी वस्तू त्याच किमतीला अवश्य घ्यावी. जमिनीतून निघाली म्हणून पुढे केलेली वस्तू मात्र हातातही घेऊ नये. पेट्रातील अस्सल अवशेष प्रवेशद्वाराजवळ २०१९ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात नीट पाहता येतात. वेळ वाचवण्यासाठी आम्ही नेमके तेच वगळले होते.