कोणते कर्जत, कोणते खेड? विकिपीडियाच्या निःसंदिग्धीकरणाचे परीक्षण

विकिपीडियाविषयी बोलताना बहुतेक जण लेख किती खरे, संदर्भ किती भक्कम आणि भाषा किती सुबोध एवढेच तपासतात. मी येथे त्याच्या एका निराळ्या सेवेचे परीक्षण करीत आहे. ती चोख चालली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि चुकली तर वाचक भलत्याच गावी जाऊन उतरतो. शोधचौकटीत टाकलेल्या एका नावाचे मानकरी अनेक असले, तर वाचकाला नेमके कोठे पोहोचवायचे, हे ठरवण्याचे ते काम आहे. मराठी विकिपीडियावर अशा पानाच्या शीर्षकात कंसात ‘निःसंदिग्धीकरण’ असे लिहितात. शब्द व्याकरणाने निर्दोष आहे, पण एखाद्या शाळकरी मुलाला तो मोठ्याने वाचायला सांगावा आणि गंमत पाहावी, ‘कोणते?’ एवढ्या एका शब्दात काम भागले असते.

यंत्रणा तीन साधनांवर चालते. पुनर्निर्देशनामुळे एक नाव टाकले की वाचक काही न विचारता दुसऱ्या शीर्षकावर जातो. लेखाच्या माथ्यावरची तिरप्या अक्षरांतली ओळ ‘याच नावाचे दुसरे काही हवे असेल तर इकडे जा’ असे सांगते. आणि कोणालाच मान देता येत नसेल, तेव्हा सर्व मानकऱ्यांची नावे ओळीने देणारे निवडीचे पान समोर येते. छापील कोशात या खटाटोपाची गरज फारशी भासत नसे, कारण एकाच नावाच्या नोंदी एकाखाली एक छापलेल्या असत आणि बोट फिरवता फिरवता वाचकच आपली नोंद हुडकून काढी. शोधचौकटीत मात्र शेजारची नोंद डोळ्यांना दिसतच नाही.

इंग्रजी विकिपीडियाने यासाठी दोन कसोट्या घडवल्या आहेत. पहिली वापराची: नाव शोधणाऱ्यांना हवा असलेला एक विषय इतर कोणत्याही विषयाहून पुष्कळ पुढे असेल, आणि बाकीच्या सगळ्यांची बेरीज केली तरी भारी ठरत असेल, तर कोरे, म्हणजे कंसाची जोड नसलेले, नाव त्याला द्यावे. दुसरी टिकाऊ महत्त्वाची: आजची गर्दी ओसरल्यावरही ज्याचे मोल उरेल, त्याचा विचार व्हावा. या दोघींचे भांडण लागते तेव्हाच खरी परीक्षा होते. ‘अवतार’ हे नाव रोमन लिपीत टाकले तर वाचक २००९ च्या चित्रपटाकडे न जाता हिंदू धर्मातल्या अवतारकल्पनेकडे जातो. ‘ॲपल’ फळाकडे नेते, कंपनीकडे नव्हे. ‘जावा’ बेटाकडे नेते आणि संगणकभाषा कंसासह शेजारी उभी राहते. ग्रह, पारा आणि रोमन देव यांच्यात ‘मर्क्युरी’ कोणाचे, याचा निवाडा तेथे केलेलाच नाही. देश आणि अमेरिकेतले राज्य यांच्यात ‘जॉर्जिया’चाही नाही. या दोन्ही ठिकाणी निवडीचे पान येते. मला हा संयम फार आवडतो. ज्या ठिकाणी निवाडा शक्य नाही तेथे उगाच तो देऊ नये.

सगळेच एवढ्या सामोपचाराने होते असे नाही. पर्थ म्हणजे ऑस्ट्रेलियातले की स्कॉटलंडमधले, हा वाद २०१२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीपर्यंत गेला होता. ऑस्ट्रेलियातल्या शहराला स्कॉटलंडमधल्या पर्थवरूनच नाव मिळाले आहे, पण कोरे नाव आज धाकट्याकडे आहे.

हीच मोजपट्टी मराठीत आणली की ती तोकडी पडते. वापराची कसोटी मोठ्या गर्दीवर चालते. जेथे एखाद्या तालुक्याच्या पानाला महिन्याकाठी मोजकेच वाचक भेट देतात, तेथे एका शाळेने दिलेला प्रकल्प सगळे आकडे फिरवू शकतो. आणि आपल्याकडे जुळी नावे तर पावलोपावली आहेत. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. मालेगाव नाशिकला आहे आणि वाशिमलाही. आष्टी बीडला आणि वर्ध्याला, सेलू परभणीला आणि वर्ध्याला, कळंब धाराशिवला आणि यवतमाळला. खेड तर रत्नागिरीतले, पुण्यातले म्हणजे राजगुरुनगर, आणि शिवाय टोलनाक्यामुळे सर्वांच्या तोंडी असलेले खेड शिवापूर. मुंबईकराला कर्जत म्हणजे लोकलचे स्थानक. अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यातल्या राशीनच्या देवीला जाणाऱ्याला लोकलचे ते कर्जत ठाऊक असण्याचे कारणच नाही. मागे एका मुक्काम-आरक्षणाच्या सेवेने मला न विचारता लोकलचे कर्जत देऊ केले होते, आणि आमचे लग्नघर राशीनजवळ होते. पैसे परत मिळाले, म्हणून नाव घेत नाही. अशा तालुक्यांच्या बाबतीत कोरे नाव सरळ निवडीच्या पानाला द्यावे आणि आकड्यांच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘रायगड’ हे मात्र अवघड प्रकरण आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळाले ते किल्ल्यावरून, आणि १६७४ च्या राज्याभिषेकाचा तो किल्ला महाराष्ट्रात कोणाच्या विस्मरणात जाणे शक्य नाही. पण प्रशासन, निवडणूक, पाऊस, रस्ते या सर्व कामांसाठी शोधणाऱ्याला जिल्हाच हवा असतो. बोलताना आपली अडचण होत नाही, कारण मराठी प्रत्ययच निवाडा करून टाकतात: ‘रायगडावर गेलो’ म्हटले की किल्ला आणि ‘रायगडात बदली झाली’ म्हटले की जिल्हा. शोधचौकटीत मात्र आपण प्रत्यय गाळून उघडे नाव टाकतो आणि त्याबरोबर खूणही गमावतो. मी कोरे नाव किल्ल्याला देईन आणि माथ्यावर जिल्ह्याची ओळ ठळकपणे ठेवीन; जिल्हा शोधणाऱ्याला एक टिचकी जास्त पडेल, ती पडू द्यावी.

या सेवेत मला खटकते ती कंसांची हौस. इंग्रजी नियमही सांगतो की लोकांच्या वापरात वेगळे ओळखू येणारे नाव असेल तर तेच घ्यावे, कंस नंतर. मराठी मुलखाने हे काम कधीच करून ठेवले आहे. शिरूर कासार आणि शिरूर अनंतपाळ, तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे, कारंजा लाड आणि कारंजा घाडगे, आणि गावोगावचे बुद्रुक-खुर्द, ही सगळी लोकांनी केलेली निःसंदिग्धीकरणेच आहेत. पुण्याजवळच्या शिरूरला जुनी माणसे घोडनदी म्हणतात. अशी नावे हाताशी असताना ‘(पुणे जिल्हा)’ अशी शेपटी जोडणे म्हणजे घरचे ताक सोडून बाटलीतले विकत घेणे झाले.

पुनर्निर्देशनांच्या बाबतीत मात्र हात सैल सोडावा. ‘शिरूर’ आणि ‘शिरुर’, ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुर’ असे ऱ्हस्व-दीर्घाचे भेद वाचकाच्या वाटेत आडवे येऊ नयेत. ‘ॲ’ची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सांकेतिक यादीत, स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’, एक अदृश्य जोडखूण आणि वरचा चंद्र अशी त्याची जुळणी करीत. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमाला असतात, म्हणून डोळ्यांना एकच वाटणारे शीर्षक एका लेखकाला सापडते आणि दुसऱ्याला सापडत नाही. येथे पुनर्निर्देशन हवेच. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ येथे वेलांटी किंवा उकार बदलला की शब्दच बदलतो. तेथे यांत्रिकपणे एकाला दुसऱ्याकडे वळवणारा संपादक मदत करीत नाही, घोटाळा करतो.

नावे बदलली की प्रश्न नव्याने उभा राहतो. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण बिहारमधले औरंगाबाद औरंगाबादच राहिले. मग जुने नाव टाकणाऱ्याला कोठे न्यावे? जुन्या दाखल्यांत, पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत मराठवाड्यातल्या शहराचे ते नाव आहे, म्हणून घाईने ते सगळेच बिहारला बहाल करता येणार नाही. माझे मत निवडीच्या पानाच्या बाजूने आहे, पण ते पान तयार करण्याआधी ‘येथे काय जोडले आहे’ ही यादी उघडावी. इतर लेखांतले जे दुवे आजवर त्या कोऱ्या नावावर विसंबून होते, ते लक्ष्य बदलताच मुकाट्याने चुकीचे होतात. नसलेल्या पानाच्या दुव्यासारखे लाल होत नाहीत, तुटत नाहीत, म्हणून कोणाला कळतही नाही. वेरूळच्या लेखातला एखादा दुवा वाचकाला निवडीच्या पानावर नेऊन सोडील, आणि तेथे त्याने बिहार निवडला तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. म्हणून ते दुवे एकेक करून नव्या शीर्षकाकडे वळवावेत, आणि मगच कोऱ्या नावाला हात लावावा.