लिपो, लि-आयन का एलएफपी? भाच्याच्या विमानासाठी बॅटरी ठरवताना केलेला हिशोब

भाचा कराडला असतोय. सनबोर्ड कापून रिमोटवर उडणारं ट्रेनर (शिकायचं) विमान बनवलंय पोरानं, दिसायला जरा वाकडंतिकडं पण उडायला सरळ असावं असं वाटतंय, बॅटरी धरून वजन १ किलो १०० ग्रॅम. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) सगळं चिकटवून झाल्यावर मला फोन, "मामा, बॅटरी कुठली घेऊ? लिपो पेटती म्हणत्यात, लि-आयन जास्त वेळ चालती म्हणत्यात, आणि एक जण म्हणला ई-बाईकमधली एलएफपी घे, मरंस्तोवर टिकती." लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर, लि-आयन म्हणजे डबीतले लिथियम-आयन सेल, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. तिघंही खरंच बोलत होते, पण विमान किती अँपिअर खातंय हे कुणीच विचारलं नव्हतं.

म्हणून त्याला सांगलीला बोलावलं. माझी जुनी ३एस (ओळीनं जोडलेले तीन सेल) लिपो लावली, मध्ये वॉटमीटर जोडला, विमान पायात दाबून धरलं आणि फुल थ्रॉटल. २२ अँपिअर, साधारण २४० वॅट. म्हणजे किलोला २२० वॅटच्या आसपास, ट्रेनरला भरपूर झालं. अर्ध्या थ्रॉटलवर निवांत उडवताना ११-१२ अँपिअर धरायला हरकत नाही. हे दोन आकडे हातात नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

मग ताईचा किचनमधला वजनकाटा घेतला (ती ओरडली, साहजिक आहे, त्यावर ती केकचा मैदा मोजती). ३एस २२०० एमएएचची लिपो १८० ग्रॅम. लि-आयनमध्ये मोलिसेल पी४२ए चे तीन २१७०० (२१ मिलीमीटर जाड, ७० लांब) सेल, पट्टी-वायर-कनेक्टर धरून २२५ ग्रॅम. एलएफपीचे २६६५० सेल ७६ ग्रॅमला एक, आणि एलएफपीचा सेल ३.२-३.३ व्होल्टचा असल्यामुळं लिपोच्या तीनला इथं चार लागतात, म्हणजे ३०० च्या वर गेलंच. आता यात वीज किती बसती ते बघा, लिपोत २४ वॅट-तास, लि-आयनमध्ये ४५, एलएफपीत ३३. एका वॅट-तासाला लिपो साडेसात ग्रॅम, लि-आयन पाच, एलएफपी नऊच्या वर.

एलएफपीचा विषय विमानापुरता इथंच संपला. टिकती जबरदस्त, हजार-दोन हजार वेळा चार्ज होती, बाकीच्या दोघींसारखी भडकत नाही, पण एवढं वजन विमानाला उगीच वाहत बसावं लागणार. शिवाय तीनच सेल लावले तर ईएससी त्याला थकलेली लिपो समजून टेकऑफलाच मोटर बंद करू शकतो. हिचं काम जमिनीवर, गाडीत ठेवून शेतात बाकीच्या बॅटऱ्या चार्ज करायला एक मोठी एलएफपी असली की झालं. फक्त हिला चार्जरवर लिपोच्या मोडमध्ये कधीच लावू नका, ही ३.६५ ला भरती आणि लिपो मोड ४.२ पर्यंत ढकलत नेतो.

खरी कुस्ती लिपो आणि लि-आयनची.

१२ अँपिअरच्या हिशोबानं लिपोतली ८० टक्के वापरली तर पावणेनऊ मिनिटं. लि-आयन तेवढ्याच अँपिअरला सतरा-अठरा मिनिटं. ऐकल्या ऐकल्या भाच्याचे डोळे चमकले, पण थांब म्हणलं. फुल थ्रॉटल दिला की लि-आयनचा व्होल्टेज खाली पडतो. २२ अँपिअरला या तीन सेलचा एक व्होल्टपेक्षा जास्त पडतो, चांगल्या लिपोचा अर्धा व्होल्टही नाही पडत. म्हणजे नेमकं समोर झाड आलं आणि ताकद पाहिजे तेव्हा हात आखडता. शिकाऊ माणसाला ताकद जास्त लागती, कारण तो चुकतोय आणि प्रत्येक चूक थ्रॉटलनं सावरतोय. ज्याचा हात बसलाय, ज्याचं मोठ्या पंखाचं निवांत ग्लायडर आहे, सरासरी ७-८ अँपिअर, त्यानं डोळे झाकून लि-आयन घ्यावी. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाहीत लावल्या, असल्या वाऱ्यात डोंगरउतारावर मोटर मिनिटभर चालवायची आणि मग नुसतं तरंगत राहायचं, तिथं लिपोची काही गरजच नाही.

आणि लि-आयन म्हणजे सगळे सेल सारखे नसतात हो. सॅमसंग ३०क्यू सारखा चांगला १८६५० पण कंपनी १५ अँपिअरलाच धरती, तो भाच्याच्या २२ ला पुरा पडत नाही. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतनं काढलेले सेल तर सोडूनच द्या, ते मोजून चार-पाच अँपिअरचे. आणि १८६५० वर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर दुकानातनं बाहेर या, तेवढ्या डबीत ३५००-३६०० बसली तरी नशीब. लिपोवाले पण काही कमी नाहीत, २२०० ला २५सी म्हणजे क्षमतेच्या पंचवीसपट, हिशोबानं ५५ अँपिअर, मी निम्म्यावरच विश्वास ठेवतो, निम्मं पण भाच्याला पुरून उरतंय. ५०सी च्या स्टिकरला जादा पैसे द्यायचं काही कारण नाही.

लि-आयन पॅक बांधताना सेलवर डायरेक्ट सोल्डरिंग नको, ई-बाईकच्या बॅटऱ्या रिपेअर करणाऱ्याकडं जाऊन निकेल पट्टीचं स्पॉट वेल्डिंग करून घ्या, सगळे सेल सारखे भरायला बॅलन्सची वायर पण काढून घ्या. ईएससीचं कटऑफ (मोटर बंद करायचा व्होल्टेज) लो वर ठेवा नाहीतर पॅकमध्ये जीव असताना मोटर थांबती. माझ्या बी६ नावाच्या चार्जरवर लि-आयन मोड ४.१ ला थांबतोय त्यामुळं पॅक पूर्ण भरत नाही, पण सेल जास्त टिकतात, मी तसंच चालवतो.

आता पेटण्याचा विषय. लिपोला पत्र्याचं कवच नसतंय, नुसती चंदेरी पिशवी. माझं विमान एकदा कवलापूरकडं उसात गेलं. बारा फूट ऊस, पात्यानं हात कापले, पाऊण तास शोधलं तेव्हा सापडलं, बॅटरीचा कोपरा चेपलेला. आणि खाली सगळं वाळकं पाचट. तिथं ती पेटली असती तर दुसऱ्याचा फड गेला असता. उचलली, बांधावर मोकळ्या मातीत ठेवली आणि अर्धा तास लांब बसून बघत राहिलो, कारण चेपलेली लिपो लगेच नाही तर नंतर पण धूर काढती. काही झालं नाही, पण परत वापरली नाही, गाडीच्या ५५ वॅटच्या बल्बवर पूर्ण रिकामी केली. लि-आयनचा स्टीलचा सेल असल्या माराला जरा जास्त सोसतो, पण चेपला की त्याची पण तीच वाट.

दुसरी माझी चूक पावसाळ्याची. जूनमध्ये शेवटचं उडवायचं म्हणून दोन लिपो फुल भरल्या, पाऊस सुरू झाला, कपाटात तशाच राहिल्या. गणपतीत काढल्या तर पोळीसारख्या टम्म. दोन्ही गेल्या. आपल्याकडं वर्षातले तीन-चार महिने विमान खुंटीला असतंय, त्यामुळं सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचं, चार्जरवर स्टोरेजचा मोडच असतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर बॅटरी कुठलीच ठेवू नका. चार्जिंग फरशीवर, मातीच्या कुंडीत, २२०० ला २.२ अँपिअरनं, आणि माणूस जवळ पाहिजे. लावून जेवायला जायचं नाही.

तर भाच्यासाठी ठरलं असं, ३एस २२०० च्या साध्या २५-३०सी लिपो दोन, एक्सटी६० कनेक्टर, आणि उरलेले पैसे बॅलन्स चार्जरवर. एकच मोठी ४००० ची घेऊ का म्हणला, नको, वजन वाढतंय आणि पहिल्या दहा लँडिंगमध्ये एखादी चेपणारच, मग दिवस वाया. लि-आयन पुढच्या हिवाळ्यात बघू. फक्त बॅटरीची पेटी आत्ताच रुंद कापायला सांगितलीय, तीन २१७०० शेजारी शेजारी ठेवले की ६३ मिलीमीटर होतात आणि लिपो ३५ ची, शिवाय ४५ ग्रॅम जादा म्हणजे विमानाचा तोल साधायला पॅक मागं सरकवायला जागा पाहिजे. त्यानं आधीच फेव्हिक्विक लावून बंद केलीय म्हणे. आता कटर घेऊन परत बसलाय.