हेडलेस की हेडस्टॉकवाला: महागडा बेस घेण्याआधी

चांगला, महागडा बेस, म्हणजे बेस गिटार, घ्यायचा ठरला की गाडी हल्ली हमखास एका प्रश्नावर अडते: हेडलेस घ्यावा की नेहमीचा, हेडस्टॉक (नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, टोकाचा खुंट्यांचा भाग) असलेला? मी दोन्ही प्रकार वापरले आहेत आणि माझा कौल शेवटी हेडलेसकडे गेला. तुमचाही तिकडेच जावा असं काही नाही. शिवाय माझ्या कौलाला एक अट आहे, आणि ती महत्त्वाची आहे.

आवाजाचं आधी उरकून घेऊ, कारण वाद सगळ्यात जास्त त्यावर होतो आणि निर्णयाला उपयोग सगळ्यात कमी. ‘हेडलेसमध्ये दम नसतो’ हे मत मला वाटतं स्टाइनबर्गरपासून चालत आलं आहे. वाद्यरचनाकार नेड स्टाइनबर्गर यांचा एल-टू हा बेस १९८०च्या सुमारास आला तेव्हा तो नुसता हेडलेस नव्हता. लाकडाऐवजी कार्बन फायबरचा साचा आणि त्यावर ईएमजी कंपनीचे ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे, पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग), असा सगळाच मामला वेगळा होता. गेडी ली, स्टिंग, टोनी लेविन या नामवंत बेसवादकांच्या हातात तो दिसला, ऐकू आला, आणि तो घट्ट, स्वच्छ, तारेगणिक एकसारखा आवाज हेडलेस असण्याच्या खात्यावर जमा झाला. आजचे बरेचसे महाग हेडलेस लाकडी आहेत. साधारण सारखे पिकअप असलेले दोन बेस बँडमध्ये वाजवले तर माझ्या कानाला डावं-उजवं करण्याइतका फरक जाणवत नाही. तारा बदलल्यावर जाणवतो तो याहून मोठा असतो. तुम्हाला १९५१पासून चालत आलेला फेंडरच्या प्रिसिजन बेसचा जाड, गोल आवाजच हवा असेल, तर मात्र तो प्रिसिजनसारख्या बेसमधूनच घ्यावा. हेडलेसवाले बहुतेक त्या दिशेने जातच नाहीत.

पाच तारांच्या बेसवरच्या सगळ्यात जाड बी तारेबद्दलही एक समज आहे, की हेडस्टॉक नसला तर ती सैल लागते. तारेचा ताण ठरतो तो स्केलची लांबी (नेकच्या टोकाची नट नावाची पट्टी ते बॉडीवरचा ब्रिज, एवढी तार), सूर आणि तारेचं वजन या तिघांवर. नटच्या पलीकडे तार किती उरली याचा त्याच्याशी संबंध नाही. बी तार घट्ट हवी असेल तर ३५ इंची किंवा मल्टिस्केल (प्रत्येक तारेची लांबी वेगळी असलेला) बघा, दोन्ही प्रकारांत मिळतात.

डेड स्पॉटचं थोडं वेगळं आहे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) दरम्यान एखादा सूर लागतो आणि लगेच विझतो, हे हेडस्टॉकवाल्या बेसवर बहुतेकांनी अनुभवलं असेल. नेक स्वतः ज्या गतीने थरथरतो ती त्या सुराशी जुळली की तारेची ताकद नेकच खाऊन टाकतो. म्हणूनच हेडस्टॉकला वजनाचा चिमटा लावला की तो स्पॉट सरकतो. हेडलेसमध्ये टोकाचं वजनच गेल्यामुळे हा त्रास मला कमी जाणवला. तो अजिबात नसतोच असं म्हणणार नाही; लाकूड आहे, कुठे ना कुठे काहीतरी सापडतंच.

माझा निर्णय मात्र यातल्या कशानेच झाला नाही. तो झाला नेकच्या भाराने.

पट्टा लावून उभं राहिलं की बरेच हेडस्टॉकवाले बेस मान टाकतात. डावा हात काढा, नेक जमिनीकडे निघालाच. कारण साधं आहे. ३४ इंची स्केलवर बाराव्या फ्रेटपासून नट १७ इंचांवर, म्हणजे सुमारे ४३ सेंटीमीटरवर असतो. पट्ट्याची पुढची गुंडी साधारण त्याच बाराव्या फ्रेटच्या आसपास येते आणि खुंट्या नटच्याही पलीकडे. जुन्या धाटणीची एक खुंटी शंभरेक ग्रॅमची धरली, तर पाच तारांच्या बेसवर जवळजवळ अर्धा किलो धातू खांद्याच्या आधारापासून अर्ध्या मीटरवर लोंबतो. हात लांब करून भरलेली पिशवी धरल्यावर खांद्याचं जे होतं, तेच इथे पट्ट्याचं होतं.

तो भार पेलतो डावा हात. सूर दाबायचे आणि नेकही तोलायचा, अशी दोन कामं त्याच्या गळ्यात पडतात. पहिल्या फ्रेटवरून नवव्यावर झेप घेताना अंगठा नेकवरून सुटतो, तेवढ्यात नेक किंचित खाली जातो आणि बोट ठरल्या जागेपासून रेसभर सरकून पडतं. फ्रेट असले की ते खपून जातं. फ्रेटलेसवर, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसवर, सरळ सूर हलतो. यावर उपाय नाहीत असं नाही. रुंद, खरखरीत चामड्याचा पट्टा बेसला धरून ठेवतो, पण सगळी ओढ खांद्यावर येते. उजव्या कोपराने बॉडी दाबून धरता येते, पण मग तार छेडणारा हात ताठरतो. लांबलेल्या तालमीत शेवटी शेवटी माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा आणि मी नकळत सोपे, एकाच जागी राहणारे सूर निवडायला लागायचो. वाद्य माझं वाजवणं ठरवत होतं. मला हे फार टोचायचं.

हेडलेस घेतल्यावर हे थांबलं. दोन्ही हात सोडले तरी नेक जिथे ठेवाल तिथे राहतो. अंगठा फक्त टेकायला उरतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी बाकीच्या तक्रारी पत्करल्या, आणि त्या आहेत.

सगळ्यात मोठी तक्रार तारांची. स्टाइनबर्गर पद्धतीच्या ब्रिजला दोन्ही टोकांना बॉल (अडकवायचा धातूचा मणी) असलेल्या तारा लागतात. त्या बसवायला अगदी सोप्या, मिनिटात सुरात येतात, पण निवडीला फारसा वाव राहत नाही. आजचे बहुतेक ब्रिज साध्या तारा घेतात आणि नटपाशी स्क्रूने चिमटतात. इथे क्रम चुकवायचा नाही: आधी स्क्रू आवळायचा, मगच उरलेली तार कापायची. आधी कापली तर आतल्या गाभ्यावरचं वेटोळं सैल पडू शकतं आणि नवी तार पहिल्या दिवसापासून मुकी वाजते. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्याच्या, तारांना ही काळजी जरा जास्तच घ्यावी लागते. आणि एकदा आखूड कापलेली तार पुन्हा हेडस्टॉकवाल्या बेसवर चढवता येत नाही. दोन बेसमध्ये तारांची अदलाबदल करणाऱ्याला हे जाचेल. ॲलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) एक जोड कायम खिशात हवा.

दुसरी तक्रार सूर लावण्याची. हेडस्टॉकवर उजव्या हाताने तार छेडत डाव्याने खुंटी पिळता येते. हेडलेसवर गुंड्या ब्रिजमागे, त्यामुळे हातांची कामं उलटी होतात. सवय होते. चिमट्याचा ट्यूनर लावायला जागा शोधावी लागते, आणि ई तार खटक्यासरशी डीवर आणणारी कळ बहुतेक हेडलेसवर बसवता येत नाही. गाण्याच्या मध्येच तुम्ही ती वापरत असाल, तर माझ्या मते हेडस्टॉकवरच राहा. जमेची बाजू अशी, की हेडलेसची गुंडी तार सरळ ओढते. खुंटीत असते तशी गिअरची ढिलाई तिथे नाही, म्हणून सूर अगदी बारीक हलवता येतो आणि लागला की टिकतो.

आता ती अट. हेडस्टॉकवाला बेस मधल्या किमतीचा घेतला तरी त्याच्या खुंट्या नीट काम करतात. ते तंत्र जुनं आहे आणि सुटा भाग कुठूनही मिळतो. हेडलेसचं तसं नाही. तिथे सगळा भार त्या छोट्याशा ब्रिजवर असतो. स्वस्त हेडलेसमध्ये पैसा वाचवतात तो नेमका तिथेच, असं मला आढळलं. ताण वाढला की गुंडी अडकते, आटे झिजतात, ई आणि बी तारेला बोटं दुखेपर्यंत पिळावं लागतं. महाग हेडलेसमध्ये जास्तीचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते या ब्रिजमुळे. लाकडावरची नक्षी त्यानंतर बघावी. म्हणून हेडलेस घ्यायचा तर चांगलाच घ्यावा, आणि तेवढे पैसे हाताशी नसतील तर तेच पैसे हेडस्टॉकवाल्यावर घालावेत.

बॉडीचा आकारही नीट बघा. एल-टूची बॉडी इतकी लहान होती की बसून वाजवायला मांडीवर टेकणारा पाय उघडावा लागे. आताचे आकार खूप सुधारले आहेत. स्ट्रँडबर्गसारखे बनवणारे मांडीवर टेकण्यासाठी खास खाचा देतात. पण वरचं शिंग आखूड असेल तर अख्खा नेक डावीकडे सरकतो आणि पहिला फ्रेट हातापासून लांब जातो. ब्रिजच्या गुंड्या बॉडीच्या बाहेर डोकावत असतील तर बेस उभा टेकवला की त्याच गुंड्यांवर उभा राहतो आणि सूर बिघडतो. मागे लाकूड थोडं पुढे आलेलं हवं.

हातात घेऊन बघायला गेलात तर ॲम्प लगेच लावू नका. आधी पट्टा घालून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. मग जी तारेवर तिसऱ्या फ्रेटपासून नवव्यापर्यंत एकेक सूर सोडून तो किती टिकतो ते ऐका. शेवटी सगळ्यात जाड तार दोन सूर खाली उतरवा आणि फक्त बोटांनी परत वर चढवा. गुंडी वाटेत कुठेही अडली किंवा फडक्याने धरावी लागली, तर तो हेडलेस कितीही देखणा असला तरी सोडून द्या. त्यापेक्षा आवडता हेडस्टॉकवाला घ्या आणि त्यावर हिपशॉटच्या अल्ट्रालाइटसारख्या हलक्या खुंट्या बसवून घ्या.